गृहीत धरलेला श्रोता

दक्षिण आफ्रिकेत टेलिव्हिजन आला तो ५ जानेवारी १९७६ रोजी. मुंबई दूरदर्शनला तोवर तीन वर्षं होऊन गेली होती, आणि आफ्रिका खंडातले कितीतरी गरीब देश त्याच्याही आधी पडद्यासमोर बसले होते. पैसा नव्हता किंवा तंत्रज्ञ नव्हते, असं काही नाही. सोन्याच्या खाणींवर उभी असलेली ती खंडातली सर्वांत मोठी औद्योगिक अर्थव्यवस्था होती. टेलिव्हिजन अडवून धरला होता तो सरकारने, आणि सरकारातही मुख्यतः एका मंत्र्याने. आल्बर्ट हर्टझोग हे एका माजी पंतप्रधानांचे चिरंजीव. १९५८ ते १९६८ या काळात टपाल-तार खातं त्यांच्याकडे होतं. पडदा घरात आला की इंग्रजी-अमेरिकन जग घरात शिरणार, काळी-गोरी माणसं एका चौकटीत दिसणार आणि आफ्रिकान्स बोलणाऱ्या गोऱ्यांच्या, म्हणजे आफ्रिकानर समाजाची वीण उसवणार, ही भीती त्यांनी कधी लपवली नाही. जुलै १९६९मध्ये माणूस चंद्रावर उतरला तेव्हा हा देश ते थेट पाहू शकला नाही, आणि मग गोऱ्या मतदारांनीच ओरड सुरू केली. गंमत अशी की जोहान्सबर्गच्या ब्रिक्स्टन भागात साठच्या दशकाच्या सुरुवातीला २३७ मीटर उंचीचा प्रक्षेपण मनोरा बांधला गेला, त्याला आधी नाव होतं ते याच हर्टझोगांचं.

हर्टझोगांना आज हसणं सोपं आहे. पण प्रसारणाचं मर्म त्यांना त्यांच्या टीकाकारांपेक्षा जास्त कळलं होतं, असं माझं मत आहे. माइकसमोरचा माणूस काय बोलतो ही पुढची गोष्ट. बोलताना त्याच्या डोळ्यांसमोर श्रोता म्हणून कोण असतं, कोणाला उद्देशून तो 'आपण' म्हणतो आणि कोणाबद्दल 'ते' म्हणतो, यावर सगळं ठरतं. वर्णभेदाचे कायदे १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात एकेक करून रद्द झाले. संसदेला श्रोत्याबद्दलचं गृहीतक मात्र रद्द करता येत नाही. ते स्टुडिओत, मालिकेच्या संवादांत, क्रीडा-समालोचनाच्या टेबलाभोवती तसंच बसून राहिलं. हे पुस्तक त्या उरलेल्या गृहीतकाचा माग काढतं. मराठीत या विषयावर फारसं लिहिलं गेलेलं नाही, म्हणून प्रस्तावना नेहमीपेक्षा लांबली आहे.

सुरुवात रेडिओपासून करायला हवी. दक्षिण आफ्रिकेचं प्रसारण महामंडळ, म्हणजे एसएबीसी, स्थापन झालं १९३६ साली. आपल्याकडे 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव रूढ झालं तेही त्याच वर्षी. दोन्हींच्या मागे बीबीसीचा साचा होता. बीबीसीचे जॉन रीथ १९३४मध्ये सल्ला द्यायला स्वतः दक्षिण आफ्रिकेत गेले होते. आफ्रिकान्स भाषेची सेवा १९३७ला सुरू झाली. १९४८मध्ये नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि हळूहळू महामंडळाचा ताबा तिच्या माणसांकडे गेला. १९५९मध्ये अध्यक्ष झाले पीट मेयर, आणि पुढच्याच वर्षी ते 'ब्रूडरबॉन्ड'चेही अध्यक्ष झाले. आफ्रिकानर पुरुषांची ही गुप्त संघटना. मंत्री, धर्मगुरू, प्राध्यापक, संपादक असे तिचे सभासद, आणि कोणाला कुठे बसवायचं हे बऱ्याचदा तिच्या बैठकांतच ठरायचं. देशाचा आवाज आणि त्या संघटनेचं सुकाणू दशकभर एकाच माणसाच्या हाती होतं.

मेयर यांच्या काळातली सर्वांत धूर्त चाल तांत्रिक होती. १९६०मध्ये काळ्या लोकांच्या भाषांतल्या कार्यक्रमांची 'रेडिओ बान्टू' अशी मोट बांधण्यात आली आणि त्यापाठोपाठ देशभर एफएमचं जाळं पसरलं. एफएमचा आवाज स्वच्छ येतो, हे खरंच. पण त्याचा पल्ला छोटा असतो, त्यामुळे झुलूंसाठी वेगळा, सोथोंसाठी वेगळा, त्स्वानांसाठी वेगळा असा प्रत्येक जमातीचा रेडिओ तिच्या तिच्या भूभागापुरता बांधता येतो. शिवाय स्वस्तातल्या एफएम सेटवर शॉर्टवेव्ह लागत नाही, म्हणजे स्वतंत्र झालेल्या आफ्रिकी देशांच्या बातम्या आपोआप कानाआड. जमिनीवर काळ्या जमातींसाठी जे वेगवेगळे 'होमलँड' आखले जात होते, तेच हवेतही आखले गेले. १९८२मध्ये काळ्या प्रेक्षकांसाठी टीव्ही-२ आणि टीव्ही-३ या वाहिन्या निघाल्या, त्या याच धोरणाच्या पडद्यावरच्या आवृत्त्या.

या यंत्रणेने आपल्याच मुलांनाही सोडलं नाही. १९८९मध्ये योहानेस केर्कोरेल, कूस कोम्बुइस वगैरे तरुण आफ्रिकानर गायक 'फूलफ्राय' या नावाने देशभर कार्यक्रम करत हिंडले. रॉक संगीत, आफ्रिकान्स शब्द, आणि सरकारची यथेच्छ टवाळी. एसएबीसीने त्यांची गाणी वाजवली नाहीत. नको असलेलं गाणं वाजू नये यासाठी महामंडळाच्या रेकॉर्ड लायब्ररीतली पद्धत अगदी साधी होती: तबकडीवरच्या नेमक्या त्या गाण्याच्या खाचांवर टोकदार हत्याराने ओरखडा काढायचा. यादी हरवेल, निवेदक बदलेल, कोणी खोडसाळपणा करेल, पण सुई त्या गाण्यावरून जाऊच शकणार नाही. अशा ओरखडे पडलेल्या तबकड्या आजही जपून ठेवलेल्या आहेत. सेन्सॉरशिपवरचे जाडजूड ग्रंथ एकीकडे आणि ती एक तबकडी एकीकडे.

आता ज्या भाषेच्या नावाने हे सारं चाललं, तिच्याकडे वळू. आफ्रिकान्स घडली ती केपमध्ये. डच मालक, इंडोनेशियाच्या बेटांवरून, बंगाल-मलबारच्या किनाऱ्यांवरून, मादागास्कर-मोझांबिकमधून आणलेले गुलाम आणि मूळचे खोइखोइ यांच्या रोजच्या व्यवहारात, स्वयंपाकघरात आणि गोठ्यात. तिच्यातलं काही जुनं लेखन तर चक्क अरबी लिपीत आहे. केपच्या मुस्लिम मुलांना धर्म शिकवण्यासाठी तुर्कस्तानच्या सुलतानाने पाठवलेले अबू बकर एफेंदी यांनी लिहिलेला आफ्रिकान्स ग्रंथ १८७७मध्ये इस्तंबूलला छापला गेला. इथे एक धागा आपल्याकडेही येतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरीकडची कोकणी मुसलमान कुटुंबं केपटाउनमध्ये जाऊन स्थिरावली. मशिदीत, बाजारात, शेजारपाजारी त्यांच्या मुलाबाळांच्या कानांवर पडली ती हीच भाषा. पण पार्लमध्ये १८७५मध्ये स्थापन झालेल्या भाषामंडळापासून १९२५च्या राजमान्यतेपर्यंत जो इतिहास शाळांत शिकवला गेला, त्यात आफ्रिकान्स ही गोऱ्या, ख्रिस्ती, शेतकरी बोअरांची भाषा ठरली. २०११च्या जनगणनेत ही भाषा घरात बोलणारे लोक साधारण ६८ लाख होते, देशाच्या १३.५ टक्के. त्यांतले जवळपास निम्मे 'कलर्ड' होते, गोरे सुमारे चाळीस टक्के. ('कलर्ड' हा सरकारी वर्गवारीतला शब्द. त्या समाजातल्या काहींना तो मुळीच आवडत नाही, काही तो अभिमानाने मिरवतात. जनगणना अजून तोच वापरते, म्हणून इथेही ठेवला आहे.) म्हणजे आफ्रिकान्सचा श्रोता गोराच, हे गृहीतक साध्या हिशेबातही टिकत नाही. तरी ते टिकलं.

१९७६चा जानेवारी आणि १९७६चा जून एकत्र पाहिले तर हे लवकर ध्यानात येतं. जानेवारीत नवा पडदा उजळला, त्यावरचा वेळ इंग्रजी आणि आफ्रिकान्स यांत निम्मानिम्मा वाटलेला. देशातल्या बहुसंख्यांच्या भाषांना त्यात एक मिनिटही नाही. १६ जूनला सोवेटोतली शाळकरी मुलं रस्त्यावर उतरली ती आफ्रिकान्स माध्यम सक्तीचं केलं म्हणून, आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. एका घरात जी लाडाने ससा होऊन बोलत होती, तीच भाषा दुसऱ्या घरी बंदूक घेऊन आली होती.

सशाबद्दल सांगायला हवं. 'हास दास' नावाचा एक बाहुला-ससा लहान मुलांना प्राण्यांच्या जगातल्या बातम्या सांगायचा. त्याला आवाज होता रियान क्राइवागेन यांचा, आणि मोठ्यांच्या आफ्रिकान्स बातम्याही तेच वाचायचे. पहिल्या दिवसांपासून ते थेट नोव्हेंबर २०१२पर्यंत. सोवेटो, आणीबाणी, मंडेलांची सुटका, १९९४ची निवडणूक, पुढे म्बेकी, झुमा. सरकारं बदलली, महामंडळाचे मालक बदलले, भांगसुद्धा न बदललेला हा माणूस त्याच संथ, स्वच्छ आवाजात वाचत राहिला. गोऱ्या आफ्रिकान्स घरांत त्यांच्याबद्दल अपार माया आहे, आणि त्यांच्या केसांवर तितकेच विनोद. या मायेत काही गैर नाही. पण तो धीर देणारा आवाज ऐंशीच्या दशकात काय वाचत होता आणि काय वाचत नव्हता, हा प्रश्न त्या मायेच्या आड सहज झाकला जातो. अनेक आफ्रिकानरांच्या मनातला भूतकाळ असाच आहे: आवाज आठवतो, मजकूर आठवत नाही.

मजकूर आठवून देणारेही आफ्रिकानरच होते, हे सांगितलं नाही तर अन्याय होईल. सत्य आणि सलोखा आयोगाची सुनावणी १९९६मध्ये सुरू झाली, तेव्हा एसएबीसीच्या रेडिओ पथकाचं नेतृत्व कवयित्री आंकी क्रोख यांच्याकडे होतं. टीव्हीवर दर रविवारी आयोगाचा विशेष वृत्तान्त सादर करायचे मॅक्स दु प्रीझ. १९८८मध्ये वर्णभेदाविरुद्ध आफ्रिकान्समधूनच 'फ्राये वीकब्लाड' हे साप्ताहिक काढणारे ते हेच. पोलिसांनी कोणाला कुठे पुरलं, कसं जाळलं, हे गोऱ्या दिवाणखान्यांत त्यांच्याच भाषेच्या माणसाने नेऊन ठेवलं. बऱ्याच जणांनी वाहिनी बदलली.

सप्टेंबर १९९७मध्ये आयोगाने माध्यमांना बोलावलं. आफ्रिकान्स वृत्तपत्रसृष्टीतली बलाढ्य कंपनी नास्पर्स अधिकृतपणे गेली नाही. तिच्या वृत्तपत्रांतल्या शंभराहून अधिक पत्रकारांनी मात्र कंपनीला डावलून वैयक्तिक निवेदनं दिली. या कंपनीची पाळंमुळं १९१५मधली. तिच्या 'दी बर्गर' या दैनिकाचे पहिले संपादक डी. एफ. मलान, आणि १९४८मध्ये वर्णभेदाचं धोरण घेऊन पंतप्रधान झालेले तेही हेच मलान. वर्णभेदातल्या सहभागाबद्दल कंपनीने माफी मागितली ती २०१५मध्ये, शताब्दीच्या निमित्ताने. पुण्या-मुंबईच्या वाचकाला हे नाव परकं वाटेल, पण स्विगीवरून जेवण मागवताना आपणही या घराण्याच्या पैशाच्या बरेच जवळ असतो. स्विगीतली मोठी गुंतवणूक नास्पर्स समूहाचीच आहे.

नास्पर्सचा उल्लेख केवळ योगायोग म्हणून केलेला नाही. १९९४नंतर काय झालं याची किल्ली तिथे आहे. १९९३मध्ये एसएबीसीचं नवं मंडळ जाहीर मुलाखती घेऊन निवडलं गेलं, आणि फेब्रुवारी १९९६मध्ये वाहिन्यांची फेरमांडणी झाली. अकरा राजभाषांच्या देशात एका भाषेला निम्मा वेळ देणं शक्यच नव्हतं. आफ्रिकान्सचा वाटा एकदम घटला. गोऱ्या आफ्रिकानरांना ही हकालपट्टी वाटली. अर्धा वाटा हा आपला हक्क आहे असं इतकी वर्षं मानलेल्याला न्याय्य वाटाही अपमानासारखा वाटतो. त्या दुखावलेपणाला बाजारपेठ मिळाली. १९८६मध्ये, तत्कालीन नॅशनल पार्टी सरकारच्या परवान्यावर, वृत्तपत्र कंपन्यांनी मिळून एम-नेट ही सशुल्क वाहिनी काढली होती, आणि त्यात नास्पर्स आघाडीवर होती. १९९९मध्ये त्याच समूहाने डीएसटीव्ही या उपग्रह सेवेवर कैकनेट ही संपूर्ण आफ्रिकान्स वाहिनी सुरू केली. उत्तम नाटकं, सकस मालिका, पुस्तकांवरचे कार्यक्रम, सगळं काही. पण पैसे भरून आत जायचं. सरकारने जी भिंत पाडली, ती ग्राहक होऊन पुन्हा उभारता आली, आणि या वेळी कोणाला 'बाहेर हो' म्हणण्याचीही गरज पडली नाही.

उघडपणे म्हणणारेही होते. १९९३मध्ये सुरू झालेलं 'रेडिओ प्रिटोरिया' हे बोअर राष्ट्रवाद्यांचं केंद्र. १९९४मध्ये ते बंद पाडण्याचा प्रयत्न झाला तेव्हा हत्यारबंद समर्थक त्याच्या रक्षणाला जाऊन बसले. नोकरीवर फक्त 'बोअर-आफ्रिकानर' ठेवू, या धोरणापायी परवान्याचा वाद वर्षानुवर्षं चालला, आणि २००४मध्ये तो घटना न्यायालयापर्यंत जाऊनही केंद्राच्या पदरी काही पडलं नाही. तरी केंद्र टिकलं, पुढे 'प्रिटोरिया एफएम' या नावाने. असल्या केंद्रांवर लिहिणं सोपं असतं, म्हणून त्यांच्यावर फार लिहिलं जातं. मला त्यांत मर्यादित रस आहे. ज्याला आपण काय करतोय हे ठाऊक आहे, त्याचा अभ्यास लवकर संपतो.

अवघड आहे ते १९ मे २०१८च्या शनिवारचं प्रकरण. सुपरस्पोर्ट या क्रीडावाहिनीचा स्टुडिओ, रग्बीचा सामना संपलेला, थेट प्रक्षेपण चालू. टेबलाशी निवेदिकेसह तीन तज्ज्ञ: माजी प्रशिक्षक निक मॅलेट, ऐंशीच्या दशकातले नामांकित खेळाडू नास बोथा, आणि अ‍ॅश्विन विलेम्स. विलेम्स हे केप प्रांतातल्या कॅलेडनच्या कलर्ड वस्तीतून आलेले, २००७च्या विश्वविजेत्या संघातले. ते बोलू लागले, आवाज न चढवता. खेळत होतो तेव्हा लोक मला 'कोट्यातला खेळाडू' म्हणायचे, आज इथे बसलोय ते स्वतःच्या मेहनतीवर; आणि जे स्वतः वर्णभेदाच्या काळात, विभागलेल्या स्पर्धेत खेळले, त्यांच्याकडून आता समजुतीच्या स्वरात धडे घेणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. मॅलेट यांच्या चेहऱ्यावरचं हसू पाहून त्यावरही ते एक वाक्य बोलले. मग उठले आणि निघून गेले. निवेदिका सारवासारव करत राहिली, दोघे खुर्च्यांत बसून राहिले.

वाहिनीने चौकशी नेमली. विलेम्स तिच्यात सामील झाले नाहीत. वकील व्हिन्सेंट मालेका यांच्या अहवालात उघड वर्णद्वेष आढळला नाही, असा निष्कर्ष निघाला. प्रकरण पुढे मानवी हक्क आयोगाकडे गेलं. अर्धा देश म्हणाला, बघा, काहीच नव्हतं. उरलेल्या अर्ध्याला ते काहीतरी रोजच्या नोकरीतून अचूक ओळखीचं होतं: तुझं वाक्य तोडलं जाणं, तुझ्या मताला 'छान' म्हणून पुढे जाणं. अपशब्द शोधणाऱ्या चौकशीला हे सापडणार नाही, कारण त्यात अपशब्द नसतोच. चौकशीचा निष्कर्ष खोटा होता असं मी म्हणत नाही. तिच्याकडे दिलेला प्रश्न तोकडा होता.

आणखी एक गोष्ट इथे नोंदवायलाच हवी. मॅलेट आफ्रिकानर नाहीत, इंग्रजी भाषक आहेत. इंग्रजी बोलणाऱ्या गोऱ्यांची एक जुनी सोय आहे, की वर्णभेद हे बोअरांचं पाप, आम्ही आपले उदारमतवादी. १९९८मध्ये काळ्या वकिलांच्या आणि लेखापालांच्या संघटनांनी माध्यमांतल्या वर्णद्वेषाची तक्रार मानवी हक्क आयोगाकडे नेली, ती 'मेल अँड गार्डियन' आणि 'संडे टाइम्स' या दोन इंग्रजी पत्रांविरुद्ध होती. आफ्रिकानर ओळखीची चिकित्सा करताना बाकीच्यांना मोकळं सोडण्याचा मोह टाळावा, अशी वाचकाला विनंती.

मराठी वाचकाला दक्षिण आफ्रिकेचे काळे वेगवान गोलंदाज मखाया न्टिनी चांगले ठाऊक आहेत: १०१ कसोट्या, ३९० बळी. जुलै २०२०मध्ये ते एसएबीसीच्या सकाळच्या कार्यक्रमात म्हणाले, संघात मी कायम एकटा होतो. न्याहारीला कोणी शेजारी बसायचं नाही, जेवायला जाताना कोणी दार ठोठावायचं नाही. म्हणून ते किट बसचालकाकडे द्यायचे आणि हॉटेलपासून मैदानापर्यंत धावत जायचे, परततानाही धावत. त्या धावण्याला इतकी वर्षं समालोचक जबरदस्त तंदुरुस्ती म्हणत आले होते.

त्याच वर्षी जूनमध्ये शोमॅक्स या स्ट्रीमिंग सेवेने विनोदी नट लिऑन शूस्टर यांचे काही चित्रपट सेवेतून काढले. चेहरा काळा रंगवून लोकांची फजिती करणं हा त्यांच्या विनोदाचा एक हुकमी भाग, आणि काळ्या प्रेक्षकांतही त्यांचे चाहते भरपूर आहेत, त्यामुळे वाद सरळ रेषेत चालला नाही. गायक स्टीव्ह हॉफमायर यांचं प्रकरण मात्र सरळ आहे. २०१४मध्ये, वर्णभेदाचे शिल्पकार काळेच, असं लिहून त्यांनी वादळ उठवलं. २०१९मध्ये डीएसटीव्ही चालवणाऱ्या मल्टिचॉइसने त्यांना दाखवायचं नाकारलं तेव्हा चाहत्यांनी आपल्या डिश आणि डीकोडर फोडल्याचे व्हिडिओ फिरवले. स्वतःच्याच कुंपणाची तारा तोडण्याचा हा प्रकार मला तरी करमणुकीचा वाटला.

बदल कुठेच झाला नाही असं नाही. एसएबीसीचं आफ्रिकान्स रेडिओ केंद्र आज आरएसजी म्हणून चालतं, म्हणजे 'सीमा नसलेला रेडिओ', आणि तिथे केपटाउनच्या केप फ्लॅट्स वस्त्यांच्या वळणाचं बोलणं आता ऐकू येतं. जे एकेकाळी 'अशुद्ध' म्हणून निवेदकाच्या परीक्षेतच गळालं असतं, ते. कैकनेटवरची २०१५पासूनची 'सुइडूस्टर' ही मालिका तर केपच्या कलर्ड कुटुंबांभोवतीच फिरते. याउलट एसएबीसीची 'सेवेंडे लान' पाहा. २०००मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत एका गल्लीतला कॉफीचा अड्डा, सगळ्या वर्णांची माणसं, गोडीगुलाबी. तिच्यावर टीका झाली ती याच गोडीवर, की यात सगळे शेजारी आहेत पण इतिहास कोणालाच नाही. तरी कोट्यवधींच्या देशात संध्याकाळी फुकट दिसणारी ती एक जागा होती, जिथे आफ्रिकान्स बोलणारी काळी-गोरी माणसं एकत्र चहा-कॉफी घेत.

२६ डिसेंबर २०२३ रोजी ती मालिका संपली. ज्यांना डीएसटीव्हीचं महिन्याचं शुल्क परवडतं ते कैकनेटवर गेले, किंवा आधीच गेले होते. आफ्रिकान्स बोलणाऱ्यांतला मोठा गरीब वर्ग, म्हणजे द्राक्षमळ्यांवरचे मजूर, मासेमारीच्या गावांतली माणसं, केप फ्लॅट्सच्या चाळींतले रहिवासी, हे बहुतांश कलर्ड आहेत. त्यांच्या भाषेतल्या फुकटच्या मनोरंजनाचा मोठा भार आता आरएसजीच्या नभोनाट्यांवर आणि कथावाचनावर आहे. आणि ज्या एसएबीसीच्या जोरावर आरएसजी चालते, तिला काही वर्षांपूर्वी बुडण्यापासून वाचवायला सरकारला ३.२ अब्ज रँड द्यावे लागले होते.